अध्यापनाची ओढ आणि शिक्षकाची बांधिलकी

अध्यापनाची ओढ आणि शिक्षकाची बांधिलकी : शिकवण्याच्या कामाविषयी शिक्षकाला वाटणारी उत्कट ओढ आणि त्यातून शाळेशी, विद्यार्थ्यांशी व व्यवसायाशी त्याची जुळणारी बांधिलकी यांचा परस्परसंबंध. शैक्षणिक मानसशास्त्र, शिक्षणाचे समाजशास्त्र आणि व्यवसाय-मानसशास्त्र या शाखांमध्ये या विषयाचा अभ्यास होतो. शिक्षक नोकरीत का टिकतो, टिकूनही काहींचे मन वर्गातून का उडते आणि जीव ओतून काम करणारी माणसे काही वर्षांत का थकतात, हे या अभ्यासातील मुख्य प्रश्न आहेत. आजवरच्या संशोधनाचा आणि महाराष्ट्रातील अनुभवाचा कल एकाच बाजूला दिसतो. ओढ ही बांधिलकीची सुरुवात असते. ती टिकायची तर आपल्या शिकवण्याचे फळ शिक्षकाला दिसावे लागते आणि वर्गात काय करायचे हे ठरवण्याची मोकळीक त्याच्या हाती असावी लागते.

बांधिलकीचे प्रकार : जॉन मायर आणि नॅटली ॲलन या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये नोकरीशी असलेल्या बांधिलकीचे तीन घटक सांगितले. काम आवडते म्हणून राहणे हा पहिला, सोडले तर नुकसान होईल म्हणून राहणे हा दुसरा आणि राहणे हे आपले कर्तव्य आहे असे वाटून राहणे हा तिसरा. एकाच शिक्षकात हे तिन्ही कमीअधिक प्रमाणात असतात. निवृत्तिवेतनाचा हिशेब, गृहकर्जाचे हप्ते, गावाजवळ मिळालेली बदली यांमुळेही माणूस तीस वर्षे सेवेत राहतो. हजेरीपटावर त्याची आणि मनापासून शिकवणाऱ्याची सही सारखीच दिसते. म्हणून सेवेची वर्षे मोजून बांधिलकी कळत नाही. ओढीचा थेट संबंध पहिल्या घटकाशी असतो.

शिक्षकाच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. त्याची बांधिलकी एकाच ठिकाणी नसते. संस्थाचालकांवर नाराज असलेला, मुख्याध्यापकांशी पटत नसलेला शिक्षकही आपल्या वर्गासाठी सुटीच्या दिवशी शाळा उघडतो. ‘संस्थेशी काही देणंघेणं नाही, मुलांसाठी येतो,’ हे वाक्य शिक्षककक्षात नवे नाही. याच्या उलट, संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमात पुढे असणाऱ्याचे वर्गावर लक्ष असेलच असे नाही.

ओढ कशावर पोसते : अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांचा ‘स्कूलटीचर’ हा १९७५ मधील ग्रंथ या विषयातील पायाभूत ग्रंथांपैकी एक आहे. शिक्षकी पेशात पगार आणि पद यांचा कष्टांशी फारसा मेळ नसतो; मन लावून शिकवणारा आणि वेळ काढणारा यांची वेतनवाढ एकाच तारखेला होते. त्यामुळे या पेशाचा खरा मोबदला मानसिक असतो आणि तो वर्गातच मिळतो, असे लॉर्टी यांचे प्रतिपादन आहे. या मोबदल्याची अडचण अशी की तो केव्हा मिळेल याची खात्री नसते आणि पुष्कळदा तो मिळाल्याचे शिक्षकाला कळतही नाही.

पहिलीच्या वर्गात हे जवळून पाहता येते. दिवाळी तोंडावर आली तरी एखादा मुलगा ‘क’ आणि ‘फ’ यांत गोंधळत असतो. बाई वाळूत अक्षर गिरवून घेतात, चित्रकार्डे दाखवतात, त्याच्या नावातले अक्षर शोधायला लावतात. मग एका सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला वार, पट आणि उपस्थिती तो कुणी न सांगता, बोट फिरवत वाचतो. याची नोंद कुठल्याही तक्त्यात होत नाही. पण पुढचे कित्येक आठवडे त्या बाई याच बळावर वर्गात उभ्या राहतात. मुलाला वाचता येऊ लागले हे शिक्षकाला दिसणे, याइतकी ओढ वाढवणारी दुसरी गोष्ट शाळेत नाही.

मोकळिकीचे महत्त्व एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्धारण सिद्धांतातून स्पष्ट होते. स्वायत्तता, आपल्याला जमते ही जाणीव आणि माणसांशी जवळीक या तीन मानसिक गरजा भागल्या की कामाची गोडी आतून टिकते, असे हा सिद्धांत मानतो. धडा कोणत्या क्रमाने घ्यायचा हेही वरून ठरवून आले, तर पहिली गरज मारली जाते. मग उरलेल्या दोन गरजांवर सगळा भार पडतो.

ओढीचे दोन प्रकार : सगळी ओढ हितकारक नसते. कॅनडातील क्युबेकचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ओढीचे दोन प्रकार मांडले : सुसंवादी आणि पछाडणारी. पहिल्या प्रकारात काम माणसाला प्रिय असते, पण घर, छंद, विश्रांती यांच्या शेजारी त्याची जागा असते. माणूस ते बाजूला ठेवू शकतो. दुसऱ्या प्रकारात काम माणसाला धरून ठेवते. शाळा सुटली तरी ती डोक्यातून सुटत नाही आणि एखादा तास बिघडला तर स्वतःची सगळी किंमतच घसरल्यासारखी वाटते.

याच परंपरेतील २००८ मधील एक अभ्यास क्युबेकमधील ४९४ शिक्षकांवर तीन महिन्यांच्या अंतराने झाला. ज्यांची सुसंवादी ओढ वाढली, त्यांचे कामातले समाधान वाढले आणि थकव्याची लक्षणे कमी झाली. वर्गातील मुलांचे वागणे सुधारल्याचे मात्र दोन्ही प्रकारची ओढ वाढलेल्यांनी सांगितले. मुलांबद्दलची ही माहिती शिक्षकांनीच दिलेली होती, हे विसरता येत नाही. तरीही निष्कर्ष विचार करायला लावतो. पछाडलेल्या शिक्षकाचा वर्ग बाहेरून उत्तम चाललेला दिसू शकतो, आणि म्हणूनच त्याच्या थकव्याकडे वेळेवर कुणाचे लक्ष जात नाही.

हा थकवा वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय लेखनात १९७४ पासून, हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांच्या मांडणीनंतर, स्वतंत्रपणे अभ्यासला जाऊ लागला. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये त्याची मापनश्रेणी तयार केली. भावनिक रितेपण, समोरच्या माणसाकडे कोरडेपणाने पाहणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे, ही त्याची तीन अंगे. शिक्षकाच्या बाबतीत दुसरे अंग सर्वांत घातक ठरते, कारण त्यात मुलाचे नाव जाऊन त्याचा हजेरी क्रमांक उरतो.

महाराष्ट्रातील उदाहरणे : साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतः हाताने लिहून मुलांसाठी लावत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. नोकरीची जेमतेम सहा वर्षे, तरी मराठी मनात शिक्षकाची जी प्रतिमा आहे तिच्यावर त्यांची छाया आजही आहे.

दुसरे उदाहरण प्रदीर्घ सेवेचे आहे आणि ते अधिक तपशिलाने पाहण्याजोगे आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयातील प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या प्रयोगात सामील झाल्या. १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे, आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ (१९१०–१९९२) तिथे आल्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या अनुताई पुण्यातील हुजूरपागेत शिक्षिका होत्या. शहरातली स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीला गेल्या आणि अखेरपर्यंत त्या कामात राहिल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

तिथली वारली आदिवासी मुले शाळेत येत नव्हती. तेव्हा शाळाच पाड्यावर गेली. झोपडीपुढच्या अंगणात मुलांना गोळा करायचे, त्यांना आंघोळ घालायची, नखे कापायची, गाणी म्हणायची आणि मग खेळता खेळता शिकवायचे, असा क्रम होता. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. त्यांची जागा शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून कुरणशाळा निघाली आणि शिक्षक गुरांमागे चालू लागले. या दोघींच्या बांधिलकीचे वर्णन करताना त्याग हा शब्द नेहमी वापरला जातो. त्यात तथ्य आहे, पण त्याने निम्मेच चित्र दिसते. मुले आली नाहीत की पद्धत बदलायची, साधन मिळाले नाही की नवे करायचे, हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार त्यांच्याकडे होता आणि बदलाचा परिणाम दुसऱ्या दिवशी पाड्यावर डोळ्यांनी दिसत होता. शिवाय दोघी एकमेकींच्या सोबतीला होत्या. एकट्या शिक्षकाची ओढ इतकी वर्षे तग धरत नाही.

सेवाशर्ती आणि ओढ : ओढ असली की बाकी सगळे चालते, ही समजूत शिक्षकांचे मोठे नुकसान करते. राज्यात २००० पासून शिक्षणसेवक योजना आहे. नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दीर्घकाळ महिना ६,००० रुपये होते, ते २०२३ मध्ये १६,००० झाले. विनाअनुदानित शाळांमध्ये तर अनुदान आज येईल, उद्या येईल या आशेवर शिक्षकांनी वर्षानुवर्षे बिनपगारी काम केले आहे. त्यांच्या टिकून राहण्याला निष्ठा म्हणणे सोपे आहे. पण दुसऱ्या नोकरीचे वय उलटून गेलेल्या माणसाचे थांबणे हे मायर आणि ॲलन यांच्या दुसऱ्या घटकात बसते. ५ सप्टेंबरच्या शिक्षक दिनाच्या सत्कारात त्याला ध्येयवेडा म्हटल्याने त्याच्या घरचा किराणा भरत नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला इतर बिगरशैक्षणिक काम देता येत नाही. प्रत्यक्षात मतदार यादीचे काम, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि ऐनवेळी मागवलेले अहवाल यांत शाळेचा दिवस विरतो. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक तालुक्याच्या बैठकीला गेला की दुसऱ्याकडे सगळे वर्ग येतात. त्या दिवशी मूल वाचू लागले का, हे पाहायला सवड नसते.

शिक्षकांच्या गैरहजेरीबाबत क्रेमर, चौधुरी, रॉजर्स, मुरलीधरन व हॅमर यांचा २००५ मधील अभ्यास वारंवार उद्धृत होतो. अचानक दिलेल्या भेटींत देशातील सरकारी प्राथमिक शाळांमधील सुमारे २५ टक्के शिक्षक शाळेत आढळले नाहीत. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १५ टक्के, म्हणजे सर्वांत कमी होते. झारखंडमध्ये ते ४२ टक्के होते. जास्त पगार घेणारे कमी गैरहजर असतात, असे दिसले नाही. मात्र जिथे इमारत आणि सोयी बऱ्या होत्या, रस्ता जवळ होता आणि अलीकडे तपासणी झाली होती, तिथे गैरहजेरी कमी होती. अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या २०१७ मधील अभ्यासाने वेगळी बाजू दाखवली : शाळेत नसलेल्या शिक्षकांपैकी बहुतेक रजेवर किंवा सरकारी कामावर होते आणि विनाकारण गैरहजर असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २.५ टक्के होते. पहिला आकडा दाखवून सरसकट सगळ्या शिक्षकांना कामचुकार ठरवणे अन्यायाचे आहे.

सहकाऱ्यांचा प्रभाव : ओढ एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जाते, याचे अलीकडचे ठळक उदाहरण सातारा जिल्ह्यातील कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांचा गट. तेथील विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली जिल्हा परिषदेच्या शाळांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल अनुभवातून स्वतःचे ज्ञान स्वतः रचते असे मानणाऱ्या, पद्धतीने शिकवायला सुरुवात केली. जमिनीवर रंगवलेल्या आकृत्या, खडे, काड्या, गटांत बसून आपापल्या गतीने शिकणारी मुले हे पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. आपल्यासारख्याच गावातली, आपल्यासारख्याच घरांतली मुले वाचतात, बेरजा करतात, न घाबरता बोलतात, हे त्यांनी तिथे पाहिले. ‘आमच्याकडे हे होणार नाही’ ही समजूत प्रशिक्षणातल्या भाषणांनी जितकी हलत नाही तितकी अशा एका भेटीने हलते. २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाल्यावर या पद्धतीचा प्रसार सरकारी पातळीवर झाला. जिथे शिक्षकांनी ती समजून घेऊन आपल्या वर्गाप्रमाणे बदलली तिथे ती रुजली. जिथे ती आदेशाने आली, तिथे फरशीवर रंग चढला आणि पुढच्या भेटीपर्यंत त्याचे फोटो वर पाठवले गेले.