शिरवळ्यांपासून नूडल्सपर्यंत

स्मरणिकेत पाककृती नेहमीच असतात. यंदा एका पदार्थाचा थोडा इतिहास सांगावा असे मी योजिले आहे. त्याला कारणही तसेच घडले.

आमच्या सूनबाई दूध-तूपदेखील घेत नाहीत. अशा आहाराला हल्ली व्हीगन म्हणतात. मागच्या श्रावणात तिने भाज्या घालून नूडल्स केल्या. मी पटकन बोलून गेले, "विचुंब्याच्या घरात हे चिनी सोंग कशाला?" ती उलट काही बोलली नाही, पण त्या दिवशी नीट जेवलीही नाही. ते मला लागून राहिले.

मग विचार करू लागले. माझे माहेर मालवणकडचे. तेथे तांदळाच्या पिठाची उकड काढून, तिचे गोळे पाण्यात शिजवून, गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबतात. त्या शिरवळ्या गूळ घातलेल्या नारळाच्या रसात खावयाच्या. त्यांत ना दूध, ना तूप! म्हणजे आमच्या आईच्या हातची शिरवळी ही तांदळाची व्हीगन नूडलच की! देशावरही उन्हाळ्यात गव्हाच्या शेवया वळून वाळवीत, आणि आळीतल्या बायका एकमेकींच्या मदतीला जात.

चीनमध्ये हा पदार्थ फार जुना. लाजिया येथील उत्खननात पालथ्या वाडग्याखाली सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या नूडल्स सापडल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. त्या राळ्यासारख्या भरडधान्याच्या होत्या, असे संशोधकांचे म्हणणे. उलट, जिला आपण आपलीच समजतो ती मिरची मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आलेली. 'कोबी' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला. आणि गाडीवरचे 'चायनीज'? त्यातले मंचुरियन नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात प्रथम केले, असे सांगतात. पुढे १९८३ मध्ये दोन मिनिटांच्या नूडल्सची पुडी बाजारात आली. तेव्हा आपले कोणते नि परके कोणते, हे ठरविणारी मी कोण?

आणखी एक गोष्ट आठवली. शिरवळ्यांच्या साच्यावर भार देऊन आईचे मनगट दुखे. जेवणारे वाखाणीत, पण साचा दाबावयास कोणी पुरुष उठल्याचे मला आठवत नाही. पुडीने ते कष्ट वाचविले, हेही मान्य केले पाहिजे.

आता सूनबाईंची कृती. चौघांसाठी पाव किलो नूडल्स किंचित कच्च्या उकडून, थंड पाण्याने धुऊन तेलाचा हात लावावा. लोखंडी कढईत मोठ्या आचेवर आले-लसूण, मग गाजर, फरसबी, शेवटी कोबी व ढोबळी मिरची परतावी. भाज्या करकरीत राहिल्या पाहिजेत. दोन चमचे सोयासॉस व नूडल्स घालून हलवावे. सॉस खारट असतो, म्हणून मीठ चाखूनच घालावे. पुडीवरचा हिरवा ठिपका अंडे नसल्याचे सांगतो. दुधासाठी मात्र घटक वाचावे लागतात.

यंदाच्या श्रावणात मी सूनबाईंपाशी चूक कबूल केली. आमच्याकडे नूडल्स झाल्या आणि शिरवळ्याही. साचा दाबावयास मुलाला बसविले. चौथ्या गोळ्यालाच तो म्हणाला, "आई, आजी हे एकटी कशी करायची गं?"