सर्व्हरवरील मेल स्क्रिप्टने हटवणे

सर्व्हरच्या मेलबॉक्समधले नको असलेले मेल हाताने एकेक न निवडता छोट्या प्रोग्रामकडून काढून टाकण्याची रीत. पायथन भाषेत यासाठी ‘आयमॅपलिब’ हे मॉड्यूल तयार मिळते. डव्हकॉट सर्व्हर सांभाळणाऱ्याला तर ‘डव्हअ‍ॅडम’ या आज्ञेच्या एका ओळीत कचरापेटीतले महिन्याहून जुने मेल साफ करता येतात.

हटवण्याचे काम दोन टप्प्यांत होते. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये मांडलेल्या आयमॅप पद्धतीत मेलवर आधी ‘डिलीटेड’ अशी खूण पडते. ‘एक्स्पंज’ची आज्ञा दिल्यावरच तो खरोखर जातो. पॉप-३ या दुसऱ्या मेल पद्धतीत ‘क्विट’ म्हणून रीतसर बाहेर पडल्याशिवाय काहीच पुसले जात नाही. मध्येच जोडणी तुटली, तर सगळे मेल जागच्या जागी राहतात.

नवखे फसतात ते क्रमांकांत. एक मेल एक्स्पंज झाला की त्याच्यापुढच्या सगळ्यांचे क्रमांक एकाने घटतात. स्क्रिप्ट चढत्या क्रमाने एकेक मेल लगेच काढत गेली, तर एकाआड एक मेल सुटतो किंवा भलताच उडतो. म्हणून न सरकणारा यूआयडी क्रमांकच वापरावा. त्यातही साधा एक्स्पंज फोल्डरमधले खूण केलेले सगळेच मेल काढतो, मग ती खूण दुसऱ्या कुणी मोबाइलवरून का केलेली असेना. ‘यूआयडी एक्स्पंज’ मात्र सांगितलेल्या मेलांनाच हात लावतो. जीमेलमध्ये नेहमीच्या सेटिंगनुसार इनबॉक्समधून खोडलेला मेल ‘ऑल मेल’मध्ये उरतोच. तो घालवायचा तर आधी ‘ट्रॅश’मध्ये हलवावा लागतो.

नागपुरातल्या केंद्रीय कार्यालयांत मेल हटवण्याचा प्रश्न नुसता सर्व्हरवरच्या जागेचा राहत नाही. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय इथे सिव्हिल लाइन्सला आहे, स्फोटकांचे परवाने देणाऱ्या ‘पेसो’चे सेमिनरी हिल्सला. केंद्राच्या अशा कार्यालयांना १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा लागू होतो आणि संगणकावर तयार झालेला मजकूरही त्यात अभिलेखच मानला आहे. विहित पद्धत डावलून तो नष्ट केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खाण आराखड्यावरचा पत्रव्यवहार ज्या मेलबॉक्समध्ये आहे, तिथे ‘९० दिवसांहून जुने सगळे’ हा निकष लावणे सरळसरळ चूक आहे. खासगी कंपनीतही परवानगीवाचून दुसऱ्याचे मेल पुसणाऱ्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ व ६६ खाली कारवाई होऊ शकते.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने पहिली फेरी फक्त वाचनाची ठेवावी: मेलबॉक्स ‘एक्झामिन’ आज्ञेने उघडावा, हटणाऱ्या मेलांची यादी काढून ती संबंधितांना दाखवावी, प्रत राखावी आणि मगच पुढे जावे. एक्स्पंज उलटवणारी आज्ञा आयमॅपमध्ये नाही.