ताण आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी : एका फसलेल्या शोधाची गोष्ट

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात डॉ. हान्स सेली नवे हार्मोन शोधत होते. अवयवांचा अर्क टोचल्यावर उंदरांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी वाढल्या, थायमस आक्रसला, जठरात व्रण पडले. हार्मोन सापडले असे वाटले. पण फॉर्मॅलिन टोचूनही, नुसत्या थंडीत ठेवूनही तेच झाले! कारणे वेगळी, शरीराचा प्रतिसाद एकच. १९३६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे त्यालाच ‘स्ट्रेस’ म्हणू लागले.

ताणात या ग्रंथी कॉर्टिसॉल वाढवतात. ताण रोजचाच झाला, तर झोप, साखर, रक्तदाब बिघडू शकतो. मात्र ताणाने ग्रंथी ‘थकतात’ याला पुरावा नाही. त्यासाठी टॉनिक घेऊ नका. वजन घटत असेल, चक्कर येत असेल, त्वचा काळवंडत असेल, तर मात्र तपासणी टाळू नका.