वेड पांघरून पेडगावला : श्रीगोंद्याचे रस्ते आणि सायकल

'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार शालेय व्याकरणाच्या बहुतेक पुस्तकांत आढळतो. त्याचा अर्थ विचारला की विद्यार्थी चटकन सांगतात. पेडगाव कोठे आहे असे विचारले की वर्ग गप्प होतो. पेडगाव श्रीगोंदे तालुक्यात आहे, भीमेच्या काठी. श्रीगोंद्याहून दक्षिणेकडे सायकलीने निघालेला माणूस तासाभरात तेथे पोहोचतो. मोगल सुभेदार बहादूरखानाचा तळ येथे होता आणि त्याच्याच नावाने येथील किल्ल्याला बहादूरगड म्हणत. १६७४ साली मराठ्यांच्या एका तुकडीने खानाच्या फौजेला हूल देऊन दूर नेले आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या, मोठ्या तुकडीने रिकामा तळ लुटला, ही हकिगत प्रसिद्ध आहे. वाक्प्रचाराचा उगम लोक या प्रसंगाशी जोडतात. त्याला पुरावा मागितला तर तो सांगोवांगीच्या परंपरेचाच मिळेल. पण भाषेच्या अभ्यासकाला तो पुरावाही कमी मोलाचा नाही. याच बहादूरगडावर १६८९ मध्ये संभाजीराजांना कैद करून औरंगजेबापुढे आणले गेले. आज हा किल्ला धर्मवीरगड या नावाने ओळखला जातो.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र किल्ला नाही, किल्ल्याकडे जाणारा रस्ता आहे. आणि तो रस्ता सायकलीवरून कसा वाचता येतो, हा प्रश्न आहे. मोटारीत बसलेल्याला हा मुलूख सपाट वाटतो, पण तो सपाट नाही. हरिश्चंद्रगडाजवळ सह्याद्रीपासून फुटलेली डोंगररांग आग्नेयेकडे उतरत पारनेर आणि नगरच्या पठारावरून बालाघाटाला जाऊन मिळते. तिच्या एका अंगाचे पाणी गोदावरीत जाते, दुसऱ्या अंगाचे भीमेत. श्रीगोंदे दुसऱ्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याच्या लांबट उतरणीवर वसले आहे. नगर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंच, तर भीमाकाठ त्याहून शंभर-सव्वाशे मीटर खाली. सत्तर-ऐंशी किलोमीटरांत एवढाच उतार! कागदावर तो काहीच नाही. परंतु वाटेत ओढे आडवे येतात. ओढा आला की उतार आणि तो ओलांडला की चढ, असे दिवसभर चालते. शिवाय पावसाळ्याच्या चार महिन्यांत पश्चिमेचा वारा वाहतो. पाऊस डोंगरातच अडतो आणि वारा तेवढा पुढे येतो. शिरूरच्या, म्हणजे पुण्याच्या दिशेने सायकल हाकणाऱ्याला तो छातीवर घ्यावा लागतो. पर्जन्यछायेचा प्रदेश ही भूगोलाची संज्ञा अशा वेळी मांड्यांना समजते.

हे रस्ते कोणी व कशासाठी केले, हे पाहिले की या चढ-उतारांना इतिहास लाभतो. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि पुढल्याच वर्षी बोरघाटाची वाट तोफा नेता येतील इतपत दुरुस्त करून घेतली. त्याच घाटात १८३० साली, मुंबईचा गव्हर्नर माल्कम याच्या कारकिर्दीत, गाडीरस्ता खुला झाला. देशावरचा कापूस आणि धान्य यांसाठी तो हवा होता. येथे एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. बैलगाडीसाठी आखलेल्या रस्त्याचा चढ बैलाच्या ताकदीने ठरतो. बैलाला जेवढा झेपेल, त्याहून उभा रस्ता करून चालत नाही. म्हणूनच अशा रस्त्यांवर सायकलही जमते. पायवाटेचे तसे नसते. गोडसे भटजी १८५७ मध्ये वरसईहून निघाले तेव्हा पायांना गाडीरस्त्याचे बंधन नव्हते. त्यांचा 'माझा प्रवास' वाचताना आपण ही चाल विसरतो, आणि मग त्या गद्याचा वेगही आपल्या हातून निसटतो.

श्रीगोंदे परिसराचा खरा कारागीर मात्र दुष्काळ आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हजारो माणसे सरकारी कामांवर खडी फोडत आणि माती वाहत होती. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपलने मजुरी एका पौंड धान्याच्या हिशेबावर आणली, तेव्हा मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. याच काळात धोंड-मनमाड रेल्वे बांधली जात होती. ती १८७८ मध्ये सुरू झाली. काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर ही स्थानके तिच्यावरची. 'श्रीगोंदा रोड' या नावातला 'रोड' हा शब्द फार बोलका आहे. गाव एकीकडे आणि स्थानक दुसरीकडे. मधला रस्ता प्रवाशाने आपला आपण कापायचा. ते अंतर आधी टांग्याने आणि पुढे सायकलीने भरून काढले.

१९७२ च्या दुष्काळात पुन्हा तेच घडले. खडी केंद्रे, सुकडी, पाझर तलाव आणि रस्त्यांची कामे हे शब्द आजही साठीपुढच्या माणसांच्या तोंडी आहेत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. गावागावांना जोडणारे किती तरी रस्ते या राबणुकीतून निघाले. मग घोड आणि कुकडीचे पाणी कालव्यांतून आले, ऊस आला, साखर कारखाने आले. दुष्काळाने घातलेल्या खडीवर उसाने डांबर टाकले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागून येतो, तेव्हा सायकलस्वाराने निमूट साइडपट्टीवर उतरावे हे उत्तम. रस्ता कोणासाठी केला आहे, याचे उत्तर त्याला तेथे कोणी न सांगता मिळते.

आता थोडे दूर जाऊ. युरोपात डोंगरपायथ्याचे रस्ते सायकलीमुळे प्रसिद्ध झाले, पण त्यांना ती कीर्ती वर्तमानपत्रांनी दिली. फ्रान्सची शर्यत १९०३ मध्ये 'लोतो' या पत्राने सुरू केली, इटलीची १९०९ मध्ये 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त'ने, आणि स्पेनची 'व्हुएल्ता' १९३५ मध्ये 'इन्फोर्मासियोनेस'ने. तिन्ही ठिकाणी मुख्य हेतू खप वाढवण्याचा होता. डोंगरात चाललेली शर्यत वाचकाला दिसत नसे. ती त्याला वाचावी लागे. बातमीदाराने लिहिलेला चढ हाच वाचकाचा चढ झाला. पिरेनीजमधल्या खिंडींची नावे एखाद्या महाकाव्यातील स्थळांसारखी लोकांच्या तोंडी बसली ती अशी. साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. त्या मार्गांचा आरंभ डांबराइतकाच शाईत आहे.

आपल्याकडे मार्गाला अशी प्रतिष्ठा दिली ती वारीने. पुण्याहून सासवडला जाताना लागणारा दिवेघाट उंचीने फार मोठा नाही, तरी तो मराठी मनात आहे. कारण ज्ञानोबांची पालखी त्यावरून जाते आणि इरावती कर्वे, दि. बा. मोकाशी यांच्यासारख्यांनी वारीची वाट चालून ती लिहिली आहे. सायकलीच्या वाट्याला असे भाग्य थोडे आले. १९४० च्या दशकापासून मुंबई-पुणे सायकल शर्यत होत आली, बोरघाट प्रथम चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणण्याची प्रथा पडली. परंतु त्या राजाचे वाङ्मय झाले नाही. १९२३ मध्ये मुंबईहून सायकलींवर निघालेल्या पारशी तरुणांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे जगप्रदक्षिणा पुरी करून १९२८ मध्ये परतले. त्यांनी ग्रंथ लिहिला तो इंग्रजीत. मराठीत पायी प्रवासाची परंपरा भक्कम आहे, आगगाडीची आणि एस.टी.चीही आहे. सायकल मात्र आपल्या कथांतून बहुधा भिंतीला टेकून उभी असते.

असे का व्हावे? माझे मत असे की सायकल आपल्याकडे हौसेची झाली त्याच्या कितीतरी आधी कामाची झाली, आणि कामाच्या वस्तूकडे आपल्या अभिजनांच्या लेखणीने सहसा पाहिले नाही. श्रीगोंद्यासारख्या तालुक्यात सायकल म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवलेल्या दुधाच्या किटल्या; वस्तीवरच्या शाळेत जाणारे गुरुजी; तासाच्या भाड्याने सायकल देणारे दुकान; आधी हाफ पायडल, मग नळीवरून आणि शेवटी सीटवर असा पोरांचा अभ्यासक्रम. पोलिसाला चुकवायची ती डबल सीट, रात्री दिवा नसल्याचा दंड, नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला, हे सारे एकदोन पिढ्यांच्या अनुभवाचे शब्द आहेत. १९५० च्या सुमारास देशी कारखान्यांतून सायकली निघू लागल्या, तेव्हापासून मोपेड आणि मोटारसायकल येईपर्यंत या पायथ्याच्या चढावर सर्वांत जास्त दम कोणी खर्च केला असेल, तर या माणसांनी. पहाटे भरल्या किटल्या घेऊन स्थानकाकडे निघालेल्या गवळ्याला ओढ्यापलीकडचा प्रत्येक चढ ठाऊक असणार. तो कोणत्याही नकाशात नाही, गॅझेटिअरमध्येही नाही. नगरचे गॅझेटिअर १८८४ चे. त्या काळचा साहेब मुलूख पाहत असे तो घोड्यावरून, आणि घोड्यावरच्या माणसाला चढ घोड्याला लागतो.

२०२६ च्या जानेवारीत, भीमा आणि घोड यांच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. सुमारे ४३७ किलोमीटरचा मार्ग मुळशी, मावळ, पुरंदर, बारामती अशा भागांतून गेला आणि त्यासाठी रस्ते नव्याने डांबरले गेले. तोफांसाठी, कापसासाठी, दुष्काळासाठी, उसासाठी झालेले रस्ते आपण वर पाहिले. सायकलीसाठी रस्ता नीट व्हावा हे या मुलखात नवलच. त्याचे स्वागत करावे. मात्र अशा मार्गांची जी वर्णने आता छापली जातात त्यांत चढ टक्क्यांत येतो, निसर्ग विशेषणांत येतो, आणि रस्त्यावर आधी वावरलेली माणसे येतच नाहीत. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. श्रीगोंद्याचे जुने नाव चांभारगोंदे. शेख महंमदांनी 'योगसंग्राम' रचला तो याच गावाच्या परिसरात, महादजी शिंद्यांच्या घराण्याचे वाडे येथलेच. नावे बदलतात, राज्ये बदलतात, तरी श्रीगोंद्याहून पेडगावला जाताना सरस्वतीचे पाणी ज्या बाजूने भीमेकडे उतरते, त्याच बाजूने सायकलही उतरते.

पदव्युत्तर वर्गातील लोकसाहित्याच्या प्रकल्पांत ओव्या आणि उखाणे दरवर्षी गोळा होतात. त्यांच्या जोडीला एका वर्षी हा विषय देऊन पाहावा. काष्टीच्या जनावरांच्या बाजाराला सायकलीवरून कोण जात असे, स्थानकावर दूध किती वाजता पोहोचवावे लागे, कोणत्या ओढ्याशी उतरून सायकल हातात धरून चालावे लागे आणि त्या जागेला आपसांत काय म्हणत, एवढे चार प्रश्न पुरेत. उत्तरे देणारी माणसे आता पंच्याहत्तरीच्या पुढची आहेत.