काठीला टेकू

पावसाळा लागला की मुंबई बंदरातल्या लहान होड्यांची शिडं गुंडाळली जातात आणि शर्यतवाल्यांची नजर हैदराबादकडे, हुसेनसागराकडे वळते. चाळीसेक वर्षांपूर्वी आम्ही दोघं मित्र आमची एन्टरप्राइज होडी ट्रेलरवर चढवून, जीपमागे जोडून पुणे-सोलापूरमार्गे निघालो. होडीला पट्टे आवळले, खाली काथ्याच्या गाद्या घातल्या. डोलकाठीचा विचार शेवटच्या पाच मिनिटांत झाला.

एन्टरप्राइज 13 फूट 3 इंचांची. काठी तिच्या साधारण दीडपट. ती उतरवून होडीवर लांबवर निजवली. बुंधा पुढे, शेंडा मागे हवेत, शेंड्याला लाल फडकं. बुंधा आम्ही जीपच्या टपावरच्या कॅरिअरला बांधला, ही पहिली चूक. जीप आणि ट्रेलर यांच्यामधला सांधा फिरता असतो. बोरघाटातल्या एका वळणावर जीप वळली, ट्रेलर अजून सरळच होता, आणि काठीने कॅरिअर पिळून वाकडा केला. लोणावळ्याला गाठी सोडल्या. बुंधा ट्रेलरच्या पुढच्या खुंटाला बांधला, मागची बाजू होडीच्या मागच्या फळीवर घोंगडी घालून टेकवली. मधे काहीच नाही. दुसरी चूक.

भिगवणच्या पुढे आरशात पाहिलं तर काठी मधोमध नाचत होती. ॲल्युमिनियमची नळी वाकून परत सरळ होते खरी, पण प्रत्येक खड्ड्याला ती त्याच जागी वाकत होती. भरीला काठीच्या ताणतारा सैल सुटल्या होत्या आणि नळीवर पांढरे ओरखडे काढत होत्या.

इंदापूरच्या अलीकडे एका पंक्चरवाल्याकडे थांबलो. तिथे बसलेल्या म्हाताऱ्याने होडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, काठीच पाहिली. "पाव्हणं, कळक लादताना मधी टेकू देत्यात. ह्यो काय तुमचा पाळणा हाय?" त्याने बाभळीचं एक बेळकं तोडून आणलं. काठी जिथे उभी राहते त्या होडीतल्या खोबणीत त्याचा पाय तासून बसवला, खाचेत जुन्या टायरचा तुकडा ठोकला. तारा काठीलगत धरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळल्या. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

पुढे जुनी मासिकं चाळताना कळलं की आमच्या या फजितीला मोठा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यात न सुटणारा डिंक आणि चांगलं प्लायवूड हाताशी आलं. 1950 साली पेट्रोलचं रेशनिंग उठलं. मोटार असलेल्या माणसाला होडी घरी ठेवून रविवारी वाटेल त्या तळ्यावर नेता येऊ लागली. लंडनच्या पटनी भागातल्या जॅक होल्ट यांनी याच गिऱ्हाइकासाठी होड्या आखल्या. आमची एन्टरप्राइज त्यांचीच. 1956 साली 'न्यूज क्रॉनिकल' या वर्तमानपत्राच्या पाठबळावर ती आली. शिडं निळी. धावायला उत्तम, आपल्याकडेही ती भरपूर झाली. पण लांबलचक काठीचं काय करायचं, ते मालकाने आपलं आपण पाहायचं.

होल्ट यांनी पुढे एका होडीत हे दुरुस्त केलं, असं माझं मत. टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणारे बॅरी बकनेल आणि होल्ट यांनी मिळून 'डेली मिरर'साठी मिरर होडी केली. 1963 च्या लंडन बोट शोमध्ये ती लोकांपुढे आली. 3.3 मीटर लांब, प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून सांधे चिकटवलेले, शिडं लाल. खरी गंमत काठीत. ती मुद्दाम आखूड ठेवलेली. तिच्यावर आणखी एक लाकूड सरकत उभं चढतं आणि शिडाला उंची देतं. उतरवलं की सगळं होडीच्या पोटात मावतं. शर्यतवाले या जुनाट बांधणीला नाकं मुरडत. आखूड काठी आणि लांब परबाण, म्हणजे शीड बांधायचा वासा, आपल्या कोकणातल्या खलाशांना नवं नव्हतं, जरी त्यांचं तिरपं शीड वेगळ्या जातीचं. मिररच्या नोंदी सत्तर हजारांवर गेल्या. त्यात त्या आखूड काठीचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं. बाकीचे स्वस्ताईला श्रेय देतात.

कॅनडात तर काठीच तोडली. 1969 साली इयन ब्रूस यांनी फोनवर मोटारीच्या टपावर मावेल अशी होडी मागितली आणि ब्रूस कर्बी यांनी बोलता बोलताच कागदावर रेघोट्या ओढल्या. तीच लेझर. काठीचे दोन तुकडे एकात एक बसतात, शीड बाहीसारखं वरून चढवायचं, ताणतारा नाहीतच. म्हणजे घासायलाही काही नाही. 1996 पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. हैदराबादला आता ट्रकमधून एकावर एक रचलेल्या लेझर येतात आणि काठ्या मोळी बांधल्यासारख्या बाजूला पडलेल्या असतात.

आम्ही एन्टरप्राइज सोडली नाही. बाभळीचं ते बेळकं अजून ट्रेलरवर आहे. वरचा टायरचा तुकडा तेवढा दोनदा बदलला.