उतरत्या छपराखालची न्हाणी

नगर जिल्ह्यातली जुनी घरे पाऊस पाहून बांधलेली. पाऊस कमी तिथे मातीचे सपाट धाबे. अकोले तालुक्यात भंडारदरा-घाटघरकडे गेले की छपरे उतरती होतात. आधी गवताची, मग कौलांची. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर ती एकमेकांत अडकणारी कौले दूरवर पोहोचली.

अशा घरात न्हाणी बहुधा मागच्या पडवीत, छप्पर सर्वांत खाली येते तिथे. आज ती जागा अडचणीची वाटते, पण तेव्हा अंघोळ बसून व्हायची. दगडावर नाहीतर पाटावर बसायचे, घंगाळातून तांब्याने पाणी घ्यायचे. डोक्यावर हातभर जागा असली तरी भागे. उंच जागा स्वयंपाकाला, धान्याला राहायची. सांडपाणी भिंतीतल्या भोकातून थेट परसातल्या केळी-अळूला. आपल्या जैन घरांत साचलेले पाणी नकोच, त्यात जीव होतात. म्हणून न्हाणीच्या फरशीचा तो उतार मला फार शहाणा वाटतो.

पंचाईत झाली ती शॉवर आल्यावर. उभ्याने अंघोळ सुरू झाली नि डोके वाशाला लागू लागले. तेव्हा पडवीतली न्हाणी नवी करायची तर शॉवर उंच भिंतीकडे घ्या, बादली आणि बसायचे स्टूल उताराखाली. कमोडही उताराखाली चालेल, पण समोर ताठ उभे राहण्याइतकी उंची हवीच. घरात सत्तरीपुढचे कोणी असेल तर त्या जागी खुर्ची ठेवून त्यांना बसवून-उठवून बघा, मगच गवंड्याला खूण करू द्या.