संगणकीय संगीतरचनेच्या चार लिपी : साधनांच्या निवडीचा ऐतिहासिक विचार

इलेक्ट्रॉनिक संगीताची रचना करू इच्छिणाऱ्या अभ्यासकापुढे आज अनेक सॉफ्टवेअर-साधने उपलब्ध आहेत. त्यांची निवड बहुधा किंमत, सुलभता आणि लोकप्रियता या तीन निकषांवर केली जाते. व्यवहारदृष्ट्या हे निकष गैर नाहीत. तथापि इतिहासाच्या अंगाने पाहता ते गौण ठरतात. असे प्रत्येक साधन ही वस्तुतः एक लिपी आहे. स्वर म्हणजे काय, काल कोणत्या दिशेने वाहतो, रचनेचा लहानांत लहान घटक कोणता, या प्रश्नांची उत्तरे त्या लिपीच्या कर्त्याने आधीच देऊन ठेवलेली असतात. ती उत्तरे कोणत्या परिस्थितीत दिली गेली, हे पाहिल्यावाचून निवडीचा विचार पुरा होत नाही.

या परंपरेचा आरंभ १९५७ साली अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत झाला. मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ या संगणकासाठी ‘म्युझिक’ नावाचा कार्यक्रम लिहिला आणि न्यूमन गटमन यांची अवघ्या १७ सेकंदांची एक रचना त्यावर सिद्ध झाली. पुढे १९६० च्या सुमारास मॅथ्यूज यांनी ध्वनिनिर्मितीचे लहान लहान घटक कल्पून, ते हवे तसे जोडण्याची मुभा रचनाकाराला दिली. वाद्याची व्याख्या एकीकडे आणि स्वरांची यादी दुसरीकडे, अशी ही विभागणी होती. बॅरी व्हर्को यांनी १९८६ साली मॅसॅच्युसेट्स येथे तयार केलेले ‘सी-साउंड’ याच कुळातले. या पहिल्या लिपीत स्वर हा कंपनसंख्येचा आकडा असल्यामुळे बारा स्वरांचे बंधन तिच्यात मुळातच नाही. मात्र स्वातंत्र्याचे मोल मोठे होते : सर्व काही शब्दांत व आकड्यांत लिहावे लागे, आणि लिहिलेले कानी पडण्यासाठी आरंभीच्या काळात दीर्घकाळ थांबावे लागे.

दुसऱ्या लिपीचा पाया १९८३ साली घातला गेला. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी परस्परांशी बोलावे, या हेतूने डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ‘मिडी’ हा संकेत ठरला. त्या वर्षी जानेवारीत ‘प्रॉफेट-६००’ आणि ‘ज्युपिटर-६’ ही दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखविण्यात आली. या संकेतात स्वर म्हणजे ० ते १२७ यांपैकी एक क्रमांक, म्हणजेच पट्टीवाद्याची एक पट्टी. स्वर वाकविण्याची सोय होती आणि तिला १६,३८४ सूक्ष्म पायऱ्याही होत्या. पण ती एका स्वराला नव्हे, तर त्या वाहिनीवरील सर्व स्वरांना एकदम लागू होई. १९८५ साली आलेल्या ‘अटारी एसटी’ या संगणकात मिडीची जोडणी अंगभूत होती, आणि त्यावर हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९८९ साली ‘क्यूबेस’ आणले. डावीकडून उजवीकडे काल, वरून खाली वाद्ये, आणि मध्ये मात्रांच्या रेघा, अशी त्याची मांडणी होती. ध्वनिफीत आणि पाश्चात्य स्वरलेखन यांचा हा संकर पुढे बहुतेक साधनांनी स्वीकारला.

तिसरी लिपी कोष्टकाची. कार्स्टेन ओबार्स्की यांच्या १९८७ सालच्या ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’मध्ये काल वरून खाली उतरतो, ६४ ओळींचा एक खंड, आणि अमिगा संगणकाच्या चार ध्वनिवाहिन्यांसाठी चार रकाने. चौथी लिपी पेट्यांची. मिलर पकेट यांनी पॅरिसच्या इरकाम संस्थेत १९८० च्या दशकात रचलेल्या साधनाला मॅथ्यूज यांच्याच नावावरून ‘मॅक्स’ म्हटले गेले. त्यात पेट्या व त्यांना जोडणाऱ्या रेषा काढून प्रक्रिया लिहिली जाते. बर्लिनमध्ये गेर्हार्ड बेल्स आणि रॉबर्ट हेंके या मॅक्स वापरणाऱ्या संगीतकारांच्या अनुभवातून २००१ साली ‘एबलटन लाइव्ह’ निघाले. त्यात रचना ही आरंभ-अंत असलेली रेषा न राहता, हव्या त्या क्षणी वाजविता येणाऱ्या आवर्तनांचा संच बनली.

या इतिहासाशी मुंबईचा संबंध एका ध्वनिमुद्रिकेने येतो. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली यांत्रिक ठेक्यावर दहा राग मुद्रित केले. त्यासाठी वापरलेल्या रोलँड टीबी-३०३ या यंत्रात सोळा पायऱ्यांपैकी प्रत्येकीवर स्वरासोबत आघात आणि पुढील स्वरावर घसरण्याची खूण नोंदविता येई. गिटारवादकाला साथ म्हणून बनविलेल्या यंत्रातील ही खूण सिंग यांनी रागाच्या स्वरवाक्यांना जोडली. शिकागोतील ‘फ्यूचर’ या चमूची त्याच यंत्रावरची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही कृती १९८७ साली प्रसिद्ध झाली. सिंग यांच्या मुद्रिकेकडे मात्र जगाचे लक्ष २०१० मधील पुनर्मुद्रणानंतर गेले. तरीही ती घसरण म्हणजे मींड नव्हे. घसरणीची गती यंत्राने ठरविलेली असे. तोडीच्या गंधाराचे आंदोलन त्या खुणेत मावत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. पं. भातखंडे यांच्या स्वरलिपीतही गायकीचे सर्व बारकावे उतरत नाहीत. मग यंत्राच्या लिपीलाच दोष का द्यावा? उत्तर असे की, कागदावरील लिपी वाचणारा माणूस असतो. जे लिहिलेले नाही, ते तो गुरुमुखातून मिळालेल्या संस्काराने भरून काढतो. यंत्र मात्र लिहिले तेवढेच वाजविते, आणि न लिहिलेल्या जागी कर्त्याने गृहीत धरलेले मूल्य घालते. कागदावर जी उणीव असते, ती यंत्रात नियम बनते. बारा समान स्वर आणि चार मात्रांचा खंड ही अशीच गृहीत मूल्ये होत. ती मुद्दाम बदलता येतात. पण विलंबित एकतालाचे आवर्तन बारा मात्रांच्या खंडात बसविले, तरी खाली-भरीचा भेद त्या रेघांत दिसत नाही.

अलीकडे ही बंधने सैल होत आहेत. प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकविण्याची मिडीतील पद्धती २०१८ साली अधिकृत झाली, २०२० साली मिडीची दुसरी आवृत्ती आली, आणि २०२४ च्या ‘लाइव्ह’मध्ये अन्य स्वरपद्धतींची योजना करण्यात आली. यावरून लिपी वापरणाऱ्यांच्या गरजेने लिपी बदलते, ही भाषेच्या इतिहासातील गोष्ट येथेही खरी ठरते. परंतु ती गरज आधी जाणवावी लागते. ज्याने पहिल्याच दिवशी यंत्राच्या रेघा हाच संगीताचा स्वभाव मानला, त्याला ती जाणवणार नाही.

म्हणून साधन निवडताना ‘उत्तम कोणते?’ हा प्रश्न अपुरा आहे. नृत्यासाठी आवर्तने रचणाऱ्याला ‘लाइव्ह’ची पेटी-मांडणी पुरेशी होईल, अनेक वाद्यांचा दीर्घ प्रबंध बांधणाऱ्याला ‘क्यूबेस’ची कालरेषा सोयीची, श्रुतींचा शोध घेणाऱ्याला ‘सी-साउंड’चे कष्ट सोसावे लागतील. मनातील रचनेचा जो अंश सोडून देणे शक्य नाही, तो ज्या लिपीत लिहिता येतो, तीच त्या रचनेपुरती योग्य लिपी होय.